बालसेविकेची तालीम : धात्रीपासून अंगणवाडीपर्यंत

बेळगावहून निपाणीकडे जाणारा हमरस्ता शहर सोडतो न सोडतो तोच काकती गाव लागते. कित्तूरची राणी चन्नम्मा ही या गावची लेक. १७७८ साली येथील देसाई घराण्यात तिचा जन्म झाला, आणि १८२४ च्या ऑक्टोबर महिन्यात कित्तूरच्या किल्ल्यापुढे तिच्या सैन्याने इंग्रजांचा सामना केला, तेव्हा त्यांचा कलेक्टर थॅकरे रणात पडला. बालपणी चन्नम्मेला घोडदौड, तलवार व तिरंदाजी यांचे शिक्षण मिळाले होते, असे परंपरा सांगते. परंतु ह्या विद्या हाती येण्यापूर्वी तिला न्हाऊ-माखू घालणाऱ्या, घास भरविणाऱ्या, पहिले पाऊल टाकताना बोट देणाऱ्या बायका घरात असणारच. तलवार शिकविणाऱ्या गुरूची आठवण लोक ठेवतात. बोट देणाऱ्या बाईची ठेवीत नाहीत.

आज काकतीत काय किंवा सीमाभागातील दुसऱ्या कोणत्याही गावात काय, तीन ते सहा वर्षांची मुले सकाळी अंगणवाडीत जातात. तेथे एक सेविका व एक मदतनीस त्यांची वाट पाहत असतात. आई शेतावर, कारखान्यात किंवा बेळगावच्या बाजारात कामाला गेलेली असते. दुसऱ्याचे मूल सांभाळावयाचे तर त्या स्त्रीच्या अंगी काय असावे, तिने आधी काय शिकलेले असावे, हा प्रश्न वरवर पाहता सरकारी कचेरीतला वाटतो. वस्तुतः तो फार जुना आहे, आणि आपल्या पूर्वजांनी त्याचा विचार केलेला आहे. त्या विचाराची वाटचाल वाचकांपुढे ठेवावी, आणि आज आपण कोठे येऊन पोहोचलो आहो हे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग मानलेले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात धात्रीची, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची, परीक्षा सांगितली आहे. ती निरोगी असावी, निर्व्यसनी असावी, सावध असावी, मुलांवर माया करणारी असावी, तिला अस्वच्छतेचा तिटकारा असावा, शुश्रूषेत ती कुशल असावी. शिवाय ती त्याच देशातली असावी, अशीही अट आहे. समान वर्णाची अटही तेथे आहे. ती त्या काळाची होय, आणि आपण ती मागे टाकली हे योग्यच झाले. बाकीच्या अटी मात्र आजच्या कोणत्याही नेमणुकीच्या जाहिरातीत शोभतील अशा आहेत.

त्याच अध्यायात मुलाच्या खोलीचे वर्णन येते आणि खेळण्यांचेही. खेळणी रंगीबेरंगी असावीत, वाजणारी असावीत, जड नसावीत, टोकदार नसावीत, मुलाच्या तोंडात जातील अशी नसावीत आणि त्याला भिवविणारी नसावीत. मूल रडू लागले, जेवेनासे झाले, तर राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला घाबरवू नये, असे ग्रंथकार स्पष्ट बजावतो. आपल्या घराघरांतून आजही बागुलबुवा बोलावला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या सूचनेचे मोल कळते. शास्त्र एवढे बारीक बोलते, याचा अर्थ उघड आहे. मूल सांभाळणे हे केवळ मायेचे काम आहे असे शास्त्रकारांना वाटत नव्हते. माया हवीच, तिच्याबरोबर जाण हवी, आणि ती जाण पारखून घेतली पाहिजे, असे त्यांचे मत होते.

पुढील शतकांत ही जाण ग्रंथांपेक्षा घरातच अधिक टिकली. सुईण, आजी, आत्या, थोरली जाऊ अशा बायका एकमेकींच्या हाताखाली शिकत. तान्ह्याला पायांवर घेऊन न्हाऊ कसे घालावे, मान कशी सावरावी, धुरी कशी द्यावी, पाचवीला सटवीची पूजा कशी मांडावी, हे सारे पाहून पाहून अंगवळणी पडे. त्यात कित्येक गोष्टी हिताच्या होत्या आणि काही अपायाच्याही. बाळंतिणीची अंधारी कोंदट खोली, नाळेची हेळसांड यांनी किती बालके दगावली असतील! म्हणूनच १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुइणींना शिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभा राहिला. परंपरागत जाणकारीला शिक्षणाची जोड देण्याचा तो आपल्याकडील एक आरंभीचा संघटित प्रयत्न होय.

आमच्या कोंकणी वाचकांस येथे एका शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. श्रीमंतांच्या घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला आपण ‘आया’ म्हणतो, तो शब्द पोर्तुगीज आहे. मूल सांभाळणारी बाई हाच त्याचा मूळ अर्थ. आयेजवळ माया असे, अनुभव असे. पण तिला कोणी काही शिकविले आहे की नाही, हे मात्र कोणी विचारीत नसे. पुढे पुष्कळ काळ बालसंगोपनाकडे समाजाने याच दृष्टीने पाहिले.

ही स्थिती पालटली ती आई घराबाहेर कामाला जाऊ लागली तेव्हा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून आणि विड्यांच्या धंद्यातून राबणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी. मुंबईच्या गिरण्यांत तीच कथा. मूल बरोबर न्यावे तर तंबाखूची धूळ, घरी ठेवावे तर पाहणारे कोणी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने याची दखल घेतली. पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे काम करतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असलेच पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले. १९७६ साली ही मर्यादा तिसांवर आणली गेली. ते पाळणाघर मुलांच्या व तान्ह्यांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्याच देखरेखीखाली असावे, असेही त्यात स्पष्ट लिहिलेले होते. १९६६ च्या विडी व सिगार कामगारांच्या कायद्यानेही पाळणाघराची तरतूद केली. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला अर्थातच या पाळणाघराचा उपयोग नव्हता. तथापि शिक्षणाविना दुसऱ्याचे मूल हाती देता येत नाही, हे तत्त्व देशाच्या कायद्यात शिरले. शिक्षण म्हणजे नेमके काय, हे मात्र कायद्याच्या शब्दांवरून ठरण्यासारखे नव्हते. त्याचे उत्तर अन्यत्र तयार होत होते.

१९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्या घराची देखरेख करणारी स्त्री शिकलेली अध्यापिका नव्हती. ती त्याच वस्तीतली होती. बाईंनी तिला सांगितले, तिच्या कामाकडे पाहिले, आणि त्या पाहण्यातून एक पद्धती उभी राहिली. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले. मुलांना मारावयाचे नाही, भिवावयाचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. चरकाचेच म्हणणे नव्या वेषात आले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. बालमंदिराबरोबरच तेथे शिक्षकांसाठी अध्यापन मंदिरही आले, कारण मुलांच्या आधी मोठ्यांना शिकविल्यावाचून गत्यंतर नाही हे गिजुभाईंनी ओळखले होते.

त्यांना येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या. ती मानाची जागा सोडून त्या भावनगरास गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार निघाला. १९३९ साली माँटेसरी स्वतः मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि १९४६ पर्यंत शेकडो अध्यापकांनी त्यांच्याकडून शिक्षण घेतले. परंतु त्या शिक्षणातली साधने महाग होती, आणि ती शहरातल्या सुखवस्तू मुलांपर्यंतच पोहोचत होती.

ताराबाईंचे मोठेपण येथे दिसते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र उभारले. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. अष्टविनायकांपैकी मयूरेश्वराचे हे क्षेत्र आमच्या वाचकांना परिचितच आहे. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली ही मुलगी शिकली, शिक्षिका झाली आणि पुढे साऱ्या देशातील बालसेविकांची गुरू ठरली. १९५७ च्या सुमारास केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले.

तेथे मुले बालवाडीत येईनात. मोठ्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळायचे, थोरल्या मुलाला गुरे राखायची. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ जन्माला आली. गुराख्यांसाठी कुरणावर शाळा भरली. सेविकेने प्रथम मुलांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची, खरूज धुवावयाची. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच तेथली साधने. हे सर्व शिकविले जाई ते त्याच अंगणात, मुलांसमक्ष, जाणत्या बाईच्या शेजारी बसवून. सेविका शक्यतो त्याच पाड्यातली, तीच बोली बोलणारी. धात्री त्याच देशातली असावी या जुन्या अटीला येथे नवा आणि उदार अर्थ मिळाला. तिची जात पाहावयाची नव्हती. मुलाची भाषा आणि मुलाचे अंगण तिला ठाऊक असणे महत्त्वाचे होते.

स्वतंत्र भारताच्या सरकारनेही हळूहळू हे काम हाती घेतले. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी बालवाड्या निघू लागल्या. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बालकल्याण परिषदेने १९६१-६२ पासून बालसेविकांचे वर्ग सुरू केले. हा अभ्यासक्रम सुमारे अकरा महिन्यांचा असे. मूल सांभाळण्याच्या विद्येला अकरा महिने द्यावेत, असे त्या गरीब देशाला त्या काळी वाटले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

मध्यंतरी १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमा बदलली, फलकांवरची लिपी बदलली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली. महाराष्ट्रात धारावी व धारणी, कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे पहिले प्रकल्प निघाले. योजनेच्या केंद्राला नाव दिले गेले ते ताराबाईंचेच. म्हणून काकतीच्या अंगणवाडीवरचा फलक कानडीत असला, तरी त्यावरचा शब्द कोसबाडच्या अंगणातून आलेला आहे. आज देशात सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत.

नाव तर सर्वत्र गेले. त्याच्याबरोबर तालीम किती गेली, हे आता पाहावे.

सेविकेच्या माथी सहा कामे आली : पूरक आहार, लसीकरणाला साह्य, आरोग्यतपासणीला साह्य, आजाऱ्याला दवाखान्यात धाडणे, मातांना आहार-आरोग्याचे ज्ञान देणे, आणि शाळापूर्व शिक्षण. योजनेच्या आरंभी या कामांसाठी तीन-चार महिन्यांचे शिक्षण होते. पुढे ते आटत गेले आणि कामावर रुजू होण्याचे प्रशिक्षण २६ दिवसांवर आले; नवागत सेविकेसाठी प्रारंभीचे काही दिवस आणि मधूनमधून उजळणीचे पाच दिवस निराळे. २०१८ च्या पोषण अभियानात एकवीस पाठांची मालिका आली. ती थोडीथोडी, नेहमीच्या बैठकांतून शिकावयाची होती. २०२१ पासून मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी मोबाइलवर भराव्या लागतात, आणि त्या शिकण्यातही वेळ जातो. २०२३ साली ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम निघाला. त्याचा हेतू निःसंशय चांगला : अंगणवाडी ही केवळ खिचडीची जागा नसून शिक्षणाची जागा आहे, हे त्याने मान्य केले. परंतु सेविकेच्या वाट्याला त्यात तीन दिवसांचे प्रशिक्षण आले.

याच काळात शालेय पात्रता मात्र वाढत गेली. एके काळी चार इयत्ता शिकलेली गावची सून सेविका होऊ शके. मग दहावीची अट आली, आता बारावीची. मुलींचे शिक्षण वाढले ही आनंदाचीच गोष्ट होय. तथापि बारावीच्या पुस्तकात तान्ह्याची मान कशी सावरावी, हट्टाने जमिनीवर लोळणाऱ्या मुलाशी कसे वागावे, हे कोठे असते? अकरा महिन्यांपासून तीन दिवसांपर्यंत आपण उतरलो ते असे : पदवीचा आग्रह चढत गेला आणि तालमीचा उतरत गेला. आम्हांस या इतिहासातला हाच खरा चिंतेचा मुद्दा वाटतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ही उणीव ओळखली आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे सांगून ते धोरण बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचे आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेस एका वर्षाचे शिक्षण द्यावे म्हणते. मुदत योग्य आहे. मार्ग मात्र मुख्यतः दूरचित्रवाणीचा व मोबाइलचा सुचविला आहे, आणि प्रत्यक्ष वर्ग महिन्यातून निदान एक. देवळाशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांना यातली अडचण निराळी सांगावयास नको. पूजाविधीची पोथी मुखोद्गत असलेल्या मुलासही आपण लगेच गाभाऱ्यात पाठवीत नाही. तो वर्षानुवर्षे थोरल्यांच्या मागे उभा राहतो, उपकरणी हातात देतो, निर्माल्य काढतो, आणि मग केव्हातरी अभिषेकाला बसतो. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून जी काळजी, ती जिवंत बालकासाठी नको काय?

या दृष्टीने नव्या नियमांतील एक तरतूद आम्हांस विशेष आवडली. सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून भराव्यात, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. जी मदतनीस पाच वर्षे मुलांचे हात-तोंड धूत आली, तिने काही तरी शिकले आहे, याची ही कबुली होय. कायद्याच्या दृष्टीने मात्र सेविकेचे स्थान अजून डळमळीत आहे. ती मानसेवी गणली जाते. तिला पगार नसतो, मानधन असते. सेविका ही सरकारी पदाची धारक नव्हे, असा निर्णय कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. २०२२ साली त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. जिला आपण पूर्ण नोकर मानीत नाही, तिला पूर्ण शिक्षण द्यावे असेही आपल्याला वाटत नाही, असा याचा अन्वय लागतो.

सीमाभागात आणखी एका गोष्टीची तालीम लागते. एका मुलाला तहान लागली म्हणजे ते ‘पाणी’ म्हणते, दुसरे ‘नीरु’ म्हणते, एखाद्या कोंकणी घरचे ‘उदक’ म्हणते. सीमेचा वाद मोठ्यांचा आहे. तहान त्या तीन वर्षांच्या मुलाची आहे. सेविकेला तिन्ही शब्द कळले पाहिजेत, आणि ज्या शब्दात मुलाने मागितले त्याच शब्दात प्रथम उत्तर देता आले पाहिजे. मग शेजारच्या मुलाचा शब्द ते मूल खेळता खेळता उचलते. आपल्या मासिकाची पाने दोन भाषांत निघतात; या गोष्टीचे महत्त्व आमच्या वाचकांइतके कोणास कळणार?

सरकारने करावयाचे ते सरकार करील किंवा न करील. देवस्थानांना आणि देवळांभोवतीच्या समाजाला काही गोष्टी आजच करता येतील. नवी सेविका नेमली गेली की तिला निदान महिनाभर एखाद्या जुन्या, जाणत्या सेविकेच्या हाताखाली बसता यावे. त्या महिन्याचा तिचा जाण्यायेण्याचा व जेवणाचा खर्च देवस्थानाने उचलावा. सेविका शिक्षणाला गेली म्हणजे अंगणवाडीत एकटी मदतनीस उरते. त्या दिवसांत गावातील निवृत्त शिक्षिकांनी पाळीपाळीने येऊन बसावे. दुपारी रिकामा असणारा सभामंडप सेविकांच्या वर्गासाठी खुला करावा, आणि तेथे येणाऱ्या कोणत्याही सेविकेस वा मुलास जात-धर्म विचारू नये. ओव्या, अंगाई, हातापायांचे खेळ ज्या आज्यांना येतात, त्यांना या वर्गांत मानाने बोलवावे. त्याचबरोबर वैद्यकीय अधिकाऱ्यासही बोलवावे, म्हणजे जुन्यातले काय ठेवावे आणि काय टाकावे, याचा निवाडा तेथल्या तेथे होईल. यात्रेच्या हिशेबात मांडवाचा आणि दारूकामाचा खर्च दरसाल पडतो. त्यातला एक लहानसा भाग या कामी लागला, तर देवाचा उत्सव काही उणा व्हावयाचा नाही.

येत्या कार्तिकी पौर्णिमेपूर्वी आपापल्या गावच्या अंगणवाडीत जाऊन तेथील सेविकेस एवढेच विचारावे, की बाई, तुम्हांला हे काम कोणी शिकविले, किती दिवस शिकविले, आणि अजून काय शिकावेसे वाटते. त्या तीन उत्तरांवरून आपल्या देवस्थानाने काय करावयाचे, ते प्रत्येक विश्वस्तमंडळास आपोआप कळून येईल.